सांध्याचा दोष

कोठेंही अनर्थ घडला कीं मनुष्याच्या मुखांतून पहिला प्रश्न निघतो तो "हें कोणीं केलें?" असा. "हें कसें घडलें?" हा प्रश्न त्याच्या मागून, आणि पुष्कळ वेळां नाइलाजानें, येतो. या सवयीच्या मुळाशीं एक गृहीत आहे. दोष हा नेहमीं कोणाच्या तरी पदरीं असावयाचाच. तो शोधून त्याच्या धन्याच्या माथीं मारला म्हणजे न्याय झाला, असें आपण धरून चालतों. परंतु व्यवहारांत असेही दोष वारंवार आढळतात कीं ज्यांस धनीच सांपडत नाहीं. दोन वस्तु पृथक् पाहिल्या तर दोन्ही निर्दोष. एकत्र आणल्या कीं अनर्थ. अशा ठिकाणीं दोष पहिल्या वस्तूचा कीं दुसरीचा? आणि दोहोंपैकीं एकीचाही नसेल, तर ज्याचें नुकसान झालें त्यानें दाद कोणाकडे मागावी? या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांस हा प्रश्न अपरिचित नव्हता. चरकसंहितेंत विरुद्ध आहाराचें जें विवेचन आहे, त्यांत संयोगविरुद्ध म्हणून एक प्रकार सांगितला आहे. दूध पथ्यकर, मासाही पथ्यकर. पण दोन्ही एकत्र सेवन करूं नयेत. मध आणि तूप यांची गोष्ट तर याहून सूक्ष्म. तीं समभाग झालीं तर अपायकारक, प्रमाण विषम असेल तर औषधांतही चालतात. आजच्या वैद्यकाच्या कसोटीस हे निषेध कितपत उतरतात हा प्रश्न येथें प्रस्तुत नाहीं. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें त्यांमागील तत्त्व. गुणदोष हे केवळ वस्तूच्या ठायीं नसतात. वस्तूंच्या परस्परसंबंधांतही असतात.

या तत्त्वाचें आजच्या काळांतील बोलकें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. तें सुशिक्षितांच्या घरोघरीं मेजावर आहे. संगणक हें एक यंत्र आहे असें आपण म्हणतों खरें, पण वस्तुतः तें एक एकत्र कुटुंब आहे, आणि तेंही निरनिराळ्या देशांतून आलेल्या, एकमेकांस कधीं न पाहिलेल्या मंडळींचें. त्यांतील मुख्य फळीस मदरबोर्ड म्हणतात. तीवर आकडेमोड करणारा प्रोसेसर एका कंपनीचा असतो. त्याची स्मृतीशीं व इतर अवयवांशीं गांठ घालून देणार्‍या चिपा एके काळीं पुष्कळदां दुसर्‍या कंपनीच्या असत. फळी तयार करणारा तिसराच. तींत वरून खोंचलेलें आवाजाचें किंवा चित्राचें कार्ड चवथ्याचें. आणि या सर्वांकडून काम करून घेणारी आज्ञावली पांचव्याची. हीं पांच घराणीं एकत्र नांदावीं म्हणून नियमांचे जाडजूड ग्रंथ लिहिले गेले आहेत. १९९२ सालीं इंटेल कंपनीनें प्रथम प्रसिद्ध केलेला आणि पुढें सर्व उद्योगानें मानलेला पीसीआय नांवाचा नियम हा त्यांपैकींच एक. विद्युत्संदेशांची ये-जा करणारी जी सामाईक वाट मदरबोर्डावर असते तिला बस म्हणतात. त्या वाटेवर कोणीं केव्हां चालावें, वाट कोणीं मागावी, ती कोणीं द्यावी आणि किती वेळ अडवून धरावी, हें या ग्रंथांत सांगितलेलें असतें.

आतां एक घडलेली हकीकत पाहूं. २००१ सालीं तैवानच्या व्हीआयए कंपनीच्या चिपा अनेक उत्पादकांच्या मदरबोर्डांवर बसविल्या जात. त्या मुख्यतः एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांबरोबर वापरल्या जात, आणि स्वस्त असून वेगवान म्हणून त्यांचा लौकिक होता. त्यांत ६८६बी नांवाची एक चिप होती. हार्ड डिस्कांशीं होणारा व्यवहार तिच्याकडे असे. कांहीं लोकांच्या ध्यानांत असें आलें कीं एका डिस्कवरून दुसर्‍या डिस्कवर मोठ्या फायली उतरविल्या म्हणजे उतरविलेली प्रत मुळाबरहुकूम राहत नाहीं. मधूनच अक्षरें बदलतात. यंत्र बंद पडत नसे कीं पडद्यावर कसली सूचना येत नसे. काम बिनबोभाट पुरें होई, आणि प्रत खोटी निघे. असा अनुभव ज्यांस आला, त्यांपैकीं पुष्कळांच्या यंत्रांत सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचें साउंड ब्लास्टर लाइव्ह हें लोकप्रिय ध्वनिकार्ड बसविलेलें होतें.

या नुकसानीचें स्वरूप नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. वस्तु हरवली तर ती हरवली हें तरी आपणांस कळतें. पण ज्या वहींतील कांहीं अंक गुपचूप बदलले गेले आहेत, ती वही हरवलेल्या वहीहून अधिक घातक. कारण तिजवर आपण विश्वास ठेवून पुढचे हिशेब करीत जातों. कोणाचा प्रबंध, कोणाचीं कुटुंबांतील छायाचित्रें, कोणाच्या दुकानाचें खातें असें बिघडलें असेल, तर तें बिघडल्याचें त्यास महिन्यांनीं कळावयाचें, आणि तोंवर मूळ प्रत पुसली गेलेली असावयाची. हा चोर रात्रीं येऊन चोरी करीत नाहीं. घरांतील खर्‍या नाण्यांच्या जागीं खोटीं नाणीं ठेवून जातो.

मग दोष कोणाचा? येथें प्रत्येकास हात झटकण्यास जागा होती. चिपवाल्यानें म्हणावें कीं आमची चिप इतर असंख्य कार्डांबरोबर सुखानें नांदते, तंटा या एकाच कार्डाशीं कां व्हावा? कार्डवाल्यानें म्हणावें कीं आमचें कार्ड इतर चिपांबरोबर विनातक्रार चालतें, मग या एकाच चिपेशीं कां बिघडावें? फळी करणार्‍यानें दोघांकडे बोट दाखवावें, आणि विक्रेत्यानें सर्वांकडे. "नाचतां येईना अंगण वांकडें" ही म्हण आपण नाचणार्‍याचा उपहास करण्यासाठीं वापरतों. पण अंगण खरोखरच वांकडें असूं शकतें, आणि नाचणार्‍यासही नाच येत नसूं शकतो, हें ती म्हण आपणांस विसरावयास लावते.

हात झटकणार्‍यांच्या बाजूनें जो सर्वांत बळकट युक्तिवाद आहे, तो आधीं प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. तो असा. परक्यांनीं परक्यांशीं व्यवहार करावयाचा तर एक लिखित नियम हवा. आणि ज्यानें त्या नियमाचें अक्षरशः पालन केलें त्याचें कर्तव्य तेथें संपलें पाहिजे. जगांतील प्रत्येक कार्ड आपल्या चिपेशीं जुळतें कीं नाहीं हें पाहण्याचा भार चिपवाल्यावर टाकला, तर कोणतीही चिप बाजारांत यावयाचीच नाहीं. नियमाचें प्रयोजनच हें कीं प्रत्येकानें स्वतःपुरतें पाहावें आणि इतरांविषयीं निश्चिंत असावें.

हा युक्तिवाद निम्मा खरा आहे. म्हणूनच तो धोक्याचा आहे. नियम कितीही तपशीलवार लिहिला तरी तो कांहीं गोष्टींची आज्ञा करतो, कांहींचा निषेध करतो, आणि पुष्कळशा गोष्टी ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडतो. वाट किती वेळ धरून ठेवावी याची कमाल मर्यादा असेल, पण त्या मर्यादेच्या आंत वागण्याच्या अनेक तर्‍हा असतात. एकानें आपल्या स्वातंत्र्याचा उपयोग वाट शक्य तितकी धरून ठेवण्याकडे केला, आणि दुसर्‍यानें आपली बांधणी "इतकी कोणी धरून ठेवणार नाहीं" या हिशेबानें केली, तर दोघेही नियमांत राहून एकमेकांचा घात करूं शकतात. अक्षरपालनानें दंड चुकेल. जबाबदारी चुकत नाहीं.

या घटनेंत तर पुढें जें उघडकीस आलें तें विशेष मननीय आहे. लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली लिहिणार्‍या मंडळींनीं या दोषावर आपल्या आज्ञावलींत उतारा घातला, आणि त्याशेजारीं कारणही लिहून ठेवलें. त्यांचें निरीक्षण असें कीं बसवरील वर्दळ फार वाढली आणि लागोपाठ तीन मागण्या होईतों प्रोसेसरला वाटेवर येऊं दिलें नाहीं, तर माहिती गहाळ होऊं शकते. त्यांनीं आणखी असेंही नोंदविलें आहे कीं व्हीआयएचा उपाय वरील ध्वनिकार्ड यंत्रांत असेल तेव्हांच लागू करावयाचा होता. पण तें कार्ड मुळींच नसलेल्या, मात्र डिस्कांचे अनेक नियंत्रक असलेल्या यंत्रांतही माहिती बिघडलेली त्यांस आढळली होती. म्हणून त्यांनीं ती अट सोडून देऊन उपाय सरसकट लागू केला.

नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर संयोग हा दोन द्रव्यांवर राहणारा गुण आहे. तो एकाच्या ठायीं असून दुसर्‍याच्या ठायीं नसेल असें होत नाहीं. म्हणून संयोगाचा दोष दोघांचा म्हणणें हें तत्त्वतः बरोबरच आहे. पण त्याच नैयायिकांनीं कारणांचेही भेद सांगितले आहेत, आणि आपल्या रोजच्या भाषेंतही निमित्त आणि मूळ यांत आपण अंतर मानतों. ध्वनिकार्ड हें येथें निमित्त होतें. भिंतीस तडा होता. तो प्रथम दिसला तो त्या भिंतीवर जड ओझें टेकलें तेव्हां. ओझें काढून घेतल्यानें तडा सांधला जात नाहीं. दुसरें कोणतेंही ओझें टेकलें कीं तो पुन्हां दिसणारच. जो दोष "अमक्याच्या संगतींत मात्र दिसतो" त्यावरून तो त्या अमक्याचाच आहे असें ठरविणें म्हणजे चोर सोडून संन्याशास सुळीं देण्यासारखेंच होय.

परंतु मूळ आणि निमित्त यांचा असा निवाडा होईपर्यंत महिने लोटतात, आणि तो करण्याचें सामर्थ्य शेंकड्यांत एकाच्याही अंगीं नसतें. तोंवर ज्याची प्रत बिघडली त्यानें काय करावें? येथेंच, आमच्या मतें, दोन प्रश्नांची गल्लत होते. "कारण कोण?" हा एक प्रश्न, आणि "उत्तरदायी कोण?" हा दुसरा. पहिला शास्त्राचा आहे, दुसरा नीतीचा. पहिल्याचें उत्तर मिळेपर्यंत दुसर्‍याचें उत्तर तहकूब ठेवणें हीच या व्यवहारांतील खरी लबाडी. कारण त्या तहकुबीचा खर्च नेहमीं एकाच पक्षाच्या, म्हणजे गिर्‍हाइकाच्या, अंगावर पडतो.

पंक्तीचा दृष्टांत घेऊं. एकाच पानांत वर्ज्य पदार्थ एकत्र वाढले गेले आणि पाहुणा आजारी पडला, तर तो गवळ्याकडे दाद मागत नाहीं कीं कोळणीशीं भांडत नाहीं. पान ज्यानें मांडलें त्या यजमानास तो विचारतो. गवळ्याशीं आणि कोळणीशीं काय समजून घ्यावयाचें तें यजमानानें मागाहून घ्यावें. ज्यानें अनेक वस्तु एकत्र करून त्यांस एक नांव दिलें आणि एक किंमत घेतली, त्यानें सांध्याचीही हमी घेतली.

कायद्यासही हें तत्त्व फार पूर्वींच पटलेलें आहे. १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयापुढें ब्यूक मोटारीचा एक प्रसिद्ध खटला आला. चालत्या मोटारीचें लांकडी चाक मोडून मालकास दुखापत झाली होती. कंपनीचें म्हणणें असें कीं चाक आम्हीं केलेलेंच नाहीं; तें दुसर्‍या नामांकित कारखान्याकडून विकत घेतलेलें आहे. न्यायमूर्ति कार्डोझो यांनीं हा बचाव मान्य केला नाहीं. चाक कोणाचेंही असो, मोटार तुमची आहे. तेव्हां तपासून पाहण्याचें कर्तव्य तुमचें, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. आपल्याकडील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेंही, दुसर्‍यांनीं केलेले भाग जो जुळवितो त्यास उत्पादकांतच गणलें आहे. जुळविणें हेंही करणेंच आहे, ही त्यांतील गोष्ट तत्त्वज्ञाच्याही ध्यानांत यावयास हवी.

येथें एक रास्त आक्षेप येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळविलेले संगणक एके काळीं मध्यमवर्गाच्या घरांत पुष्कळ असत, आणि आजही अशीं यंत्रें जुळवून घेणारे लोक आहेतच. तेथील दुकानदार हा जुळविणाराच. मग व्हीआयएच्या चिपेच्या पोटांतील दोषाबद्दल त्या बिचार्‍यास जबाबदार धरावयाचें काय? चिपेच्या आंत काय आहे हें त्यास कळण्याचा मार्गच नसतो. तो फार तर कार्ड बदलून देईल. तडा गेलेल्या भिंतीवरून ओझें उतरवील.

आक्षेप खरा आहे, आणि त्यानें आमचें तत्त्व खोडलें जात नसून पुरें होतें. जुळविणार्‍यानें गिर्‍हाइकापुढें पहिलें उत्तर द्यावें, एवढेंच पहिल्या तत्त्वानें सिद्ध होतें. त्याच्या पाठीमागें दुसरें तत्त्व उभें आहे. ज्यास कळतें, किंवा ज्यास कळूं शकतें, त्याच्यावर भार अधिक. आणि ज्यास कळलें त्याच्यावर बोलण्याचा भार ताबडतोब. अज्ञानानें झालेली चूक मनुष्याची आहे. कळल्यावर पाळलेलें मौन मात्र निवडलेलें असतें. चिपांच्या जगांत ज्ञानाची ही विषमता फार मोठी आहे. वापरणारा आंत पाहूं शकत नाहीं, दुकानदार पाहूं शकत नाहीं, फळी करणाराही पुरतें पाहूं शकत नाहीं. जो पाहूं शकतो तो एकटा चिप करणारा.

ही कसोटी एकाच कंपनीच्या इतिहासास लावून पाहणें उद्बोधक होईल. १९९४ सालीं इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरांत भागाकाराचा एक दोष होता. तो कंपनीस उन्हाळ्यांतच कळला होता. पण ती बोलली नाहीं. व्हर्जिनियांतील गणिताचे एक प्राध्यापक टॉमस नाइसली यांनीं ऑक्टोबर महिन्यांत तो इतरांस कळविला, तेव्हां तो जगजाहीर झाला. त्यानंतरही प्रारंभीं कंपनीची भूमिका अशी होती कीं ज्यास आपलें काम या दोषानें खरोखर बिघडतें असें दाखवितां येईल, त्यास चिप बदलून मिळेल. म्हणजे पुराव्याचा भार ज्यास आंत पाहतां येत नाहीं त्याच्यावर. लोकक्षोभ झाल्यावर डिसेंबरांत मागेल त्यास चिप बदलून देण्याचें तिनें मान्य केलें, आणि त्यापायीं ४७.५ कोटि डॉलरांचा खर्च मांडावा लागला. पुढें मे २००० मध्यें, दोन जातींच्या स्मृतींमधील भाषांतर करणार्‍या तिच्याच एका चिपेंत विजेच्या गोंगाटामुळें यंत्रें अडकण्याचा दोष निघाला, तेव्हां तिनें मदरबोर्ड बदलून देऊं केले. तेथें सांधाही तिचाच होता. दुसर्‍याकडे बोट दाखविण्यास जागाच नव्हती. आणि ३१ जानेवारी २०११ रोजीं, नवीन यंत्रें बाजारांत येऊन महिनाही पुरता झाला नसतांना, तिनें आपण होऊन जाहीर केलें कीं आमच्या नव्या सहाय्यक चिपेंतील डिस्क जोडण्याचीं कांहीं द्वारें कालांतरानें निकामी होऊं शकतील. चिप पाठविणें तिनें थांबविलें, आणि दुरुस्ती व बदली यांसाठीं सुमारें ७० कोटि डॉलरांचा अंदाज सांगितला. दोष दिसावयास अद्याप काळ लागणार होता. बहुतेकांचें नुकसान व्हावयाचें होतें. १९९४ पेक्षां रक्कम मोठी, पण नामुष्की किती कमी! कंपनीस एकाएकीं साधुत्व आलें असें आम्ही म्हणत नाहीं; मौन महाग पडतें हा धडा तिनें घेतला असेल. नीतीचे पुष्कळ धडे मनुष्यजात अशाच शाळेंत शिकली आहे.

आतां एका तिसर्‍या पक्षाचा विचार केल्यावांचून हें विवेचन पुरें होणार नाहीं. ज्यांनीं चिप केली नाहीं, कार्ड केलें नाहीं, यंत्र विकलें नाहीं, अशा आज्ञावली लिहिणार्‍या मंडळींनीं दोषावर उतारा घातला, हें वर आलेंच आहे. लिनक्सच्या आज्ञावलींत अशा उतार्‍यांचें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. तें हजारों ओळींचें असून कोणत्या कंपनीच्या कोणत्या चिपेंत कोणती खोड आहे आणि तिजवर काय उपाय केला, याची ती जणू वंशावळच होय. यांपैकीं एकाही दोषाचे ते कर्ते नव्हते. तरीही भार त्यांनीं उचलला. यावर कोणी म्हणेल कीं अशानें अपराध्यांचें फावतें. दुसरा कोणी परभारें दुरुस्ती करीत असेल तर मूळ कर्त्यानें सुधारावें कशाला?

भीति निराधार नाहीं. तथापि या मंडळींनीं एक गोष्ट केली कीं जिच्यामुळें त्यांचा परोपकार पांघरूण ठरला नाहीं. त्यांनीं उतारा घातला आणि त्याशेजारीं दोषाचें नांव, गांव व लक्षण लिहून ठेवलें, तेंही कोणासही वाचतां येईल अशा ठिकाणीं. दोष झांकून केलेली दुरुस्ती ही कर्त्याची सोय. दोष नोंदवून केलेली दुरुस्ती ही समाजाची सेवा. कारण कोण हें ठरेपर्यंत वाट न पाहतां उपाय करावा, आणि उपाय केला म्हणून कारण विसरूं नये, हीं दोन्ही कर्तव्यें एका हातानें पार पाडतां येतात, हें त्यांनीं दाखवून दिलें.

राहतां राहिला स्वतः वापरणारा. त्यानें महत्त्वाच्या कागदांच्या एकाहून अधिक प्रती ठेवाव्यात हा उपदेश शहाणपणाचा आहे, आणि प्रत्येक कुटुंबानें तो मानावा. परंतु हा उपदेश मित्राच्या तोंडीं शोभतो, विक्रेत्याच्या तोंडीं नव्हे. दारास कडी लावावी हें खरें. पण कडी लावली नव्हती म्हणून चोराची सुटका होत नाहीं.

या विषयास आम्हीं इतकी जागा दिली ती केवळ संगणकासाठीं नव्हे. आजचें आपलें सर्व जीवनच सांध्यांचें झालें आहे. एका कामासाठीं दहा कचेर्‍या, दहा कंपन्या, दहा खिडक्या. आणि प्रत्येक खिडकीवर बसलेला मनुष्य आपापल्या नियमांत चोख. काम मात्र दोन खिडक्यांच्या मध्यें अडकून पडतें, आणि तेथें कोणीच बसलेला नसतो. अशा जगांत "मी माझें काम बरोबर केलें" हें वाक्य पूर्वींइतकें पुरेसें राहिलेलें नाहीं. ज्याच्या हातीं दोन टोकें आहेत त्यानें गांठीचेंही उत्तर द्यावें. ज्यास गांठ सैल दिसली त्यानें ती बोलून दाखवावी. आणि ज्यास ती आंवळतां येते त्यानें, ती कोणीं सैल सोडली याचा निकाल लागण्यापूर्वीं, आंवळून टाकावी. निकाल मागाहून लागला तरी चालेल. बिघडलेली प्रत मात्र मागाहून सुधारत नाहीं.